मदत हवी आहे: बास्केटबॉलमधल्या फ्रेशमन सेंटरचा बचाव कसा जोखायचा?
मंडळी, एनसीएएतल्या (अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांतल्या) फ्रेशमन सेंटरची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची पारख नुसत्या गुणांवरून होत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात बऱ्याचदा दुबळे संघ समोर असतात, तिथे निव्वळ उंचीवर रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचे चेंडू) मिळतात. जानेवारीत कॉन्फरन्सचे (आपल्या गटातल्या संघांशी) सामने जोरात सुरू झाले की खरा कस. मी आधी फाउल बघतो: ४० मिनिटांमागे ८ चा दर असेल, तर २५ मिनिटांतच पाच फाउल भरतात आणि पोरगा सामन्याबाहेर. मिनिटं कमी म्हणून मात्र कुणाला मोडीत काढू नये. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी २०२०-२१ च्या पहिल्या मोसमात राखीव सेंटरच होता, पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

अडतंय ते पिक-अँड-रोलपाशी, म्हणजे चेंडू घेतलेल्या गार्डसाठी त्याचा साथीदार बचावपटूची वाट अडवतो आणि मग रिंगकडे वळतो त्या चालीपाशी. सेंटर मागे सरकून रिंग राखतो आणि गार्ड मधल्या अंतरावरून बास्केट करतो. ही पोराची चूक धरायची की प्रशिक्षकाची आखणी? व्हिडिओत तुम्ही नेमकं काय टिपता: पावलांची दिशा, हात वर आहेत का, की वळायला लागणारा वेळ?