समीक्षेची प्रत अडवून ठेवणं अन्याय आहे का?

रात्रपाळी
गेम विक्रीला यायच्या आदल्या रात्रीपर्यंत एकही समीक्षा दिसत नाही, असं हल्ली वरचेवर होतं. समीक्षकांना आधी द्यायच्या प्रती प्रकाशक मुद्दाम अडवतात का? आणि प्री-ऑर्डर, म्हणजे गेम निघायच्या आधीच पैसे भरून नोंदणी, करण्याआधी आपण नेमकं काय तपासावं?

बग_शोधक
प्रत न देणं वेगळं आणि प्रत देऊन एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी समीक्षा छापायची बंदी, लावणं वेगळं. एम्बार्गो मुळात वाईट नाही. सगळ्यांना सारखा वेळ मिळाला की अर्धवट खेळून सर्वांत आधी लिहायची चढाओढ थांबते. खोट असते ती एम्बार्गो कधी उठतो त्यात. 2014 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’चा एम्बार्गो अमेरिकेत विक्री सुरू झाल्यावर बारा तासांनी उठला. तोवर गेम लोकांच्या हातात पडला होता.

‘सायबरपंक 2077’ची गोष्ट त्याहून वाईट. डिसेंबर 2020 मध्ये समीक्षकांना आधी मिळाल्या त्या फक्त पीसीच्या प्रती, वर स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायला बंदी. सोनीचा पीएस4 आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर गेम धड चालत नाही, हे गिऱ्हाइकाला पैसे मोजल्यावर कळलं. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. ही सरळ फसवणूकच म्हणायची.

चौदावी_फ्रेम
फुकट प्रत हा कुणाचा हक्क नाही, आणि प्रत्येक उशिरामागे लबाडीही नसते. ऑनलाइन गेमचे सर्व्हर लाँचआधी रिकामे असतात, मग मॅचमेकिंग (खेळाडूंच्या जोड्या लावणं) आणि लॅग (खेळ अडखळणं) तपासणार कसा? 2016 मध्ये प्रकाशक बेथेस्डाने ‘डूम’च्या प्रती आधी दिल्या नाहीत तेव्हा गेम फसला असणार असं बऱ्याच जणांना वाटलं. निघाला उत्तम.

छोट्या स्टुडिओंचं दुखणं निराळंच आहे. नावाजलेल्या समीक्षकाच्या पत्त्यात एखादं अक्षर बदलून ईमेल येतो, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर गेम फुकट उघडणारे कोड, म्हणजे स्टीम की, मागितल्या जातात आणि त्या की पुढे विकल्या जातात. म्हणून समीक्षकाच्या चॅनेलवर दिलेल्या पत्त्यावरच उलट मेल टाकून खात्री करावी. नाहीतर स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधून समीक्षकाच्या खात्यात थेट प्रत द्यावी, म्हणजे की कुणाच्या हाती जातच नाही.

बग_शोधक
हक्क नाही हे मान्य. पण बातमी छापली म्हणून प्रत बंद करणं हा सूड आहे. बेथेस्डा आणि युबीसॉफ्टच्या अजून जाहीर न झालेल्या गेमच्या बातम्या फोडल्यावर या दोन्ही कंपन्यांनी आपल्याशी संपर्कच तोडला, असं कोटाकू या गेमविषयक वेबसाइटने नोव्हेंबर 2015 मध्ये उघड लिहिलं. अशाने ज्यांना प्रती मिळत राहतात, तेही हात राखून लिहू लागतात. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे.

शेडर_कंपाइल
रात्रपाळी, एम्बार्गो कधी उठणार हे बहुतेक वेळा आधीच फुटतं. ती वेळ विक्रीनंतरची असेल तर थांबा. समीक्षा कोणत्या मशीनवर खेळून लिहिली आहे तेही बघा. पीसीवरच्या समीक्षेवरून कन्सोलचा अंदाज बांधू नका.

स्टीमवर घेतलात तर खरेदीपासून (प्री-ऑर्डर असेल तर गेम निघाल्यापासून) 14 दिवस आणि 2 तासांपेक्षा कमी खेळ, एवढ्यात रिफंड मिळतो. गेम उघडा राहिला की मीटर चालू. मेनूमध्ये शेडर कंपाइल होताना (गेम ग्राफिक्सची तयारी करत असताना) गेलेली वीस मिनिटंही त्यात धरतात, आणि अॅडव्हान्स्ड अॅक्सेसमध्ये, म्हणजे अधिकृत तारखेआधी मिळालेल्या प्रवेशात, खेळलेला वेळसुद्धा. म्हणून कॅरेक्टर सजवत बसू नका. थेट गर्दीच्या भागात जा, फ्रेमरेट (दर सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघा, सेव्ह करून पुन्हा लोड करा. गडबड दिसली तर दीड तासाच्या आत अर्ज टाका.