बातमी आपली, पडदा त्यांचा: तुमचे अनुभव लिहा

शब्दवेल
काल सर्चने प्रश्नाचं उत्तर वरच चार ओळींत देऊन टाकलं. ज्या बातमीतून ते घेतलं तिची लिंक पार तळाला. एकदम २०१६ आठवलं. मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या वेब डेस्कवर होते. 'आता व्हिडिओच चालतो' असं वरून आलं, लिहिणारी माणसं कमी केली, कॅमेरे घेतले. कोर्ट बघणारा आमचा सहकारी गेला. सुनावणी संपेपर्यंत बसून राहणारा तो एकटाच. त्याच सप्टेंबरमध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षं फुगलेला दाखवला जात होता. तीन सेकंदांच्या आत निघून जाणारे हिशेबातच नव्हते! त्या सहकाऱ्याला कुणी परत बोलावलं नाही. अजून राग येतो. तुमचंही लिहा.

रानजाई
वाचून गलबललं. ते आता काय करतात?

शब्दवेल
वकिलांकडे टिपणं काढतो. बातमी नाही लिहीत.

उत्तरवारा
मी कॅनडात होतो २०२३ ला. प्लॅटफॉर्मनी वृत्तसंस्थांना बातम्यांचे पैसे द्यावेत असा कायदा झाला, मेटाने (फेसबुकची कंपनी) ऑगस्टपासून तिथे बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळ वणवा, अख्खं शहर रिकामं करायचा हुकूम, आणि बातमीची लिंक टाकता येईना. लोक स्क्रीनशॉट फिरवत होते. त्यावर बरेचदा वेळच नसायची, कालचा चालू रस्ता आज बंद झालाय हे कळणार कसं? पैशाचं भांडण असू दे, पण वणव्यात तरी उघडायचं ना.

पिंपळपान
+१. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ ला फेसबुकने हेच केलं, त्यात हवामान खात्याचं पानसुद्धा गेलं होतं.

नीरजा_क
घाईत लिहितेय. मीडियावाले पण काही कमी नाहीत. माझं छोटं यूट्यूब चॅनल आहे. एका वृत्तसंस्थेच्या बातमीवर टीका करताना त्यांचीच काही सेकंदांची क्लिप दाखवली, लगेच स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून इशारा. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जातं. फोन केला तर म्हणे वर्षाचा परवाना घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीकेसाठी सूट आहे, पण कोर्टात जायचं कुणी? प्लॅटफॉर्म आणि कंपन्या भांडतात, मध्ये आम्ही.

रानजाई
अगदी अगदी. भावाचा पुराचा फोटो तीन पोर्टलवर, नाव कुठेच नाही.

पिंपळपान
त्या कायद्यापायी गूगल कॅनडातल्या वृत्तसंस्थांना वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायला तयार झालं. ते बातमीदारापर्यंत किती पोचतात ते बघायला हवं.

उत्तरवारा
@नीरजा_क काउंटर नोटिस (स्ट्राइक चुकीचा आहे असं यूट्यूबला कळवणारं उत्तर) टाकलीत का? मग समोरच्याला कामाचे १० दिवस मिळतात, तेवढ्यात केस केली नाही तर व्हिडिओ परत येतो.

नीरजा_क
नाही हो, त्यात स्वतःचं नाव-पत्ता द्यावा लागतो, तो त्यांच्याकडे जातो. भीती वाटते.

उत्तरवारा
वकिलामार्फत टाकता येते. मित्राने तशीच टाकली होती, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नीरजा_क
प्लीज करा. आज रात्रीच बसते.