आजी आणि नातीला घेऊन शहराजवळच्या पर्यावरणपूरक मुक्कामाला जायचंय, आधी काय विचारू?

पाऊलवाट:
पुढच्या महिन्यात दोन रात्री शहराबाहेर राहायचंय. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. दीड तासावर एक जागा सापडली आहे. मातीच्या खोल्या, सौर दिवे, एसी नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि तिथे कंपोस्ट संडास आहे, म्हणजे फ्लश नाही, मैल्याचं खत होतं. त्यांना जमेल का? वास येतो का? आणि जागा खरंच निसर्ग सांभाळते की नुसती पाटी लावली आहे, हे कसं कळेल?

कर्दळ:
ताई, फोन करून आधी हे विचारा, आंघोळीचं पाणी पुढे कुठे जातं?

आम्ही एकदा फसलो होतो. बांबूच्या सुरेख खोल्या होत्या, आणि मागे साबणाचं पाणी सरळ ओढ्यात सोडलेलं. माझा मुलगा दुपारभर त्याच ओढ्यात खेळला होता. फार वाईट वाटलं. गेल्या वर्षी दुसरीकडे गेलो, तर हा प्रश्न ऐकताच तिथल्या मावशी आम्हाला मागे घेऊनच गेल्या. खडी-वाळू भरलेल्या चरात कर्दळ लावली होती. तिच्या मुळांशी वाढणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी झाडांना जातं. मुलाने तिथे तासभर प्रश्न विचारले. ज्यांनी मनापासून केलंय, त्यांना दाखवायला आवडतं.

संडासाचं म्हणाल तर बसायला बहुतेक ठिकाणी कमोडच असतो. दर वेळी वरून लाकडाचा भुसा टाकायचा. ओल जास्त आणि भुसा कमी झाला की वास सुटतो, एरवी नाही. पण पायऱ्या किती ते नक्की विचारा. खाली टाकी असते म्हणून हा संडास बरेचदा उंचावर बांधतात, आणि गुडघ्यांना त्रास त्याचाच होईल.

जुनाघाट:
मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि ती ऊब रात्री आत सोडते. म्हणून वारा खेळेल अशी समोरासमोर खिडक्या असलेली खोली मागा, जाळ्या आहेत का तेही बघा. चौघं एकाच गाडीने जाताय हे छान. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून आम्ही एका रात्रीसाठी जातच नाही, निदान दोन तरी राहतो. प्रमाणपत्र नसलं म्हणून जागा सोडू नका. 'ग्रीन की' हे पर्यावरणपूरक हॉटेलांना मिळणारं प्रमाणपत्र १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं, आता बऱ्याच देशांत आहे, पण दोन-चार खोल्यांच्या घरगुती जागांना असल्या कागदांचा खर्च झेपत नाही.

पाऊलवाट:
आत्ताच फोन केला. संडासाला पाच पायऱ्या आहेत, कठडा नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की एका खोलीला जमिनीलगतचा साधा फ्लशचा संडास आहे, त्याचं पाणी शोषखड्ड्यात जातं. तीच खोली घेतली. कर्दळही आहे म्हणाले! लेकीला सांगितलंय, तिथे गेल्यावर पाण्याची वाट तिनेच शोधायची.