मदत हवी आहे: रिस्पेरिडोनवर प्रोलॅक्टिन ११८, त्यावर कॅबरगोलिनची चिठ्ठी आलीय. देऊ का?

मेडिकलवाला_केज
नमस्कार मंडळी. एक चिठ्ठी अडवून ठेवलीय, संध्याकाळी माणूस परत येणार आहे. पेशंट २२ वर्षांची, लग्न झालेली. पहिलाच झटका: कानात आवाज, घरच्यांवर संशय. चार महिन्यांपासून रात्री रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ. आवाज थांबले, पण तीन महिने पाळी नाही, पोलक्याला दुधाचे डाग पडतात. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ११८, म्हणजे बरंच जास्त. पाळीसाठी दुसरीकडे दाखवलं, तिथं ते उतरवायला कॅबरगोलिन ०.५ मिग्रॅ आठवड्यातून दोनदा लिहून दिलं. ॲसिडिटीसाठी रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइड आधीपासूनच चालू. सासूबाईंचं म्हणणं, डोक्याच्या गोळीनंच सगळं बिघडलं, बंद करा. लॅबवाले कॉर्टिसॉलसकट (ताणाचं हार्मोन) हार्मोनचं पॅकेज करा म्हणतात.

मनोविकार_लातूर
दादा, बरं केलंत अडवलीत ते. पिट्युटरीतून (मेंदूखालची ग्रंथी) प्रोलॅक्टिन सुटू नये म्हणून डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. रिस्पेरिडोन डोपामिनचे डी-२ रिसेप्टर अडवतं, लगाम सुटतो. कॅबरगोलिन नेमकं त्याच रिसेप्टरना चेतवतं. प्रोलॅक्टिन उतरेल, पण आवाज परत यायची भीती. लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करून रिस्पेरिडोन चालू आहे एवढं कळवा. बहुतेक वेळा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरी गोम लेव्होसल्पिराइडमध्ये आहे. पोटाची गोळी म्हणून खपते, पण तीही डी-२ अडवते आणि प्रोलॅक्टिन चांगलंच चढवते. म्हणजे एकाच खोडावर दोन कुऱ्हाडी. डोमपेरिडोनचंही तेच, त्यामुळे बदली म्हणून ते नको. चिठ्ठी बदलून नुसतं रॅबेप्राझोल.

आणि सगळ्यात आधी लघवीची गर्भ तपासणी. तीन महिने पाळी नाही, लग्न झालेलं, तरी ही तपासणी राहून जाते! सोबत टीएसएच, थायरॉइड मंद असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं.

लॅब_परभणी
आकडा पक्का करायचा तर सॅम्पल नीट हवं. उठल्याउठल्या काढू नका, झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं. उठून तीनेक तासांनी, उपाशीपोटी, २० मिनिटं शांत बसवून. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन दिवस आधी बंद, नाहीतर टीएसएचसुद्धा खोटं येतं. लक्षणं नसताना आकडा मोठा आला तर मॅक्रोप्रोलॅक्टिन (मोठ्या रेणूंचं, फारसं काम न करणारं प्रोलॅक्टिन) बघावं लागतं, इथं गरज नाही.

मेडिकलवाला_केज
आणि रिस्पेरिडोन? घरचे बंद करायच्याच तयारीत आहेत. कॉर्टिसॉलचं काय?

मनोविकार_लातूर
बंद मुळीच नाही, पहिल्या झटक्यानंतर गोळी तोडली की आजार उलटतो. पण दुखणं तसंच ठेवायचंही नाही: प्रोलॅक्टिन चढलं की इस्ट्रोजेन पडतं, महिनोन्‌महिने असं राहिलं तर हाडं झिजतात, आणि इस्ट्रोजेनचा मेंदूला असलेला आधारही जातो. मानसोपचार डॉक्टर डोस कमी करतील किंवा ॲरिपिप्राझोल ५ मिग्रॅ जोडतील. ते रिसेप्टरला अर्धवट चेतवतं, म्हणून प्रोलॅक्टिन उतरतं. पहिल्या दिवसांत काहींचे पाय स्थिर राहत नाहीत, येरझाऱ्या सुरू होतात. आजार वाढला समजून घाबरू नये. पाळी सुरू व्हायच्या आधीच दिवस जाऊ शकतात, हेही नवरा-बायकोला सांगा. डोकं फार दुखत असेल किंवा बाजूचं दिसत नसेल तर पिट्युटरीचा एमआरआय.

कॉर्टिसॉलचे पैसे वाचवा. सकाळी भरपूर, मध्यरात्री तळाला, सुईच्या भीतीनंही वाढतं. सुरुवातीच्या सायकोसिसमध्ये (आवाज, संशयाचा हा आजार) ते सरासरीनं थोडं जास्त, आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) थोडा लहान दिसतो हे खरं. पण ती गटाची सरासरी आहे, एका रिपोर्टवरून गोळी ठरत नाही. त्यापेक्षा विचारा, अंग भरावं म्हणून किंवा सांधेदुखीला कुणी डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन देतंय का. स्टिरॉइडनं सायकोसिस होऊ शकतो, पण तेही एकदम तोडायचं नसतं.

मेडिकलवाला_केज
त्यांची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

मनोविकार_लातूर
तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आणि जाताना चिठ्ठ्या नाही, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून न्यायला सांगा.