ऑफिसचा कॉम्प्युटर आणि आपलं खासगी काम : तुमच्याकडे काय घडलं?

निशिगंध :
लेकीला सोमवारी पहिल्या नोकरीचा लॅपटॉप मिळाला. हिंजवडीतली कंपनी आहे. लॅपटॉप सुरू केला तर आधी स्क्रीनवर नियमांचं पत्रक, चांगलं ११ पानी, आणि खाली ‘मला मान्य आहे’. तिने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, हे खरंच वाचतात का गं लोक?" माझे हात कणकेत होते, ते तसेच राहिले.

२००७ साल. मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. शेजारच्या टेबलावर एक सीनियर होते, सगळे त्यांना दादाच म्हणायचो. मार्चअखेर, त्यात त्यांची बायको सातव्या महिन्यातच ॲडमिट झालेली. रात्री हॉस्पिटलात बसून काम पुरं करता यावं म्हणून त्यांनी सप्लायर लोकांच्या थकबाकीची एक्सेल शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवली. एकदाच. दुसऱ्या दिवशी साडेअकराला एचआरने वर बोलावलं आणि बाराला सिक्युरिटीवाला त्यांच्या खुर्चीमागे उभा. जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. संध्याकाळी तो धुऊन मी त्यांच्या भावाकडे पोचवला.

नियम होता, नाही असं नाही. कंपनीची माहिती बाहेरच्या मेलवर पाठवायची नाही यावर आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. पण त्या सह्या जॉइनिंगच्या दिवशी पीएफच्या फॉर्मबरोबर गठ्ठ्यात झालेल्या. त्यातलं एक वाक्य कुणी वाचून दाखवलं नव्हतं. अडीअडचणीला घरून काम करायचं तर कुणाला विचारायचं, तेही माहीत नव्हतं. आणि मला अजून टोचतं ते वेगळंच. ते रात्री काम करणार आहेत हे मला सांगून गेले होते. मी वर जाऊन तेवढं सांगू शकले असते. नाही गेले. तेव्हा हीच लेक चार वर्षांची होती, नोकरी हवी होती, घाबरले.

काल दोघींनी मिळून ती ११ पानं वाचली. दीड तास लागला. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. नियम मोडला म्हणून, किंवा माहीतच नव्हता म्हणून.

रानजाई :
डब्याचं वाचून गलबललं ताई. बाळ-बाळंतीण सुखरूप होती ना?

गावठाण :
आमच्याकडे पत्रक नाही आणि सहीही नाही. तालुक्याच्या एका ऑफिसात होतो. साहेबांचा डिजिटल सहीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखा असतो, तो लावून पिन टाकला की सही होते) ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन मॉनिटरला चिकटवलेला. साहेब दौऱ्यावर, बाहेर रांग, बाया लेकरं घेऊन उन्हात उभ्या, उद्या ॲडमिशनची शेवटची तारीख. अशा वेळी कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. उलट काम अडत नाही म्हणून कौतुक व्हायचं.

मग एक दाखला भलत्याच माणसाला गेला. साहेब म्हणाले मी तर त्या दिवशी ऑफिसात नव्हतोच. सिस्टीममध्ये सही त्यांचीच. चौकशी लागली आणि गेला कोण, तर कंत्राटी ऑपरेटर. पोरगं बी.कॉम. झालेलं, तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर आयटी कायद्याचं ६६ सी कलम लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, हे आम्हाला त्या चौकशीत कळलं. डोंगल देणाऱ्याला काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला विचाराल तर डोंगल खिशातून काढून देतो तिथेच चूक सुरू होते.

सुपारी_पान :
गावठाणकाका, १००% हेच. आमच्याकडे पिन खडूने कपाटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय.

खटपट्या :
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सिस्टीम बघतो, १४ वर्षं झाली. लोकांना वाटतं आयटीवाले दिवसभर त्यांच्या चॅट वाचत बसतात. अहो, वेळ कुणाला आहे. पण काय दिसतं ते सरळ सांगतो, कारण ते सांगायलाच पाहिजे. ऑफिसच्या वायफायवर तुमचा स्वतःचा मोबाइल असेल तर साधारण कुठल्या साइटवर गेलात, किती वेळ, किती डेटा, एवढं दिसतं. आत काय वाचलंत ते दिसत नाही. लॅपटॉपच कंपनीचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कंपनीचं सर्टिफिकेट, म्हणजे एक प्रकारची किल्ली, टाकलेलं असू शकतं, मग साइटशी कुलूपबंद चाललेलं बोलणंही, बंद पाकीट उघडावं तसं, बघता येतं. काही ठिकाणी स्क्रीनचे फोटोसुद्धा घेतले जातात. म्हणून बँकेचं, दवाखान्याचं, घरच्या भांडणाचं काही त्या मशीनवर नको. त्यासाठी आपला फोन आणि आपला डेटा.

नियम कशासाठी असतात तेही लिहितो. १२ मे २०१७, शुक्रवार, वॉनाक्राय आला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. शनिवार-रविवार मी आणि एक ट्रेनी मुलगा कारखान्यात झोपलो. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं. आम्ही बऱ्याच मशीनवर लावलंही होतं, पण डिझाइनच्या सहा मशीनवर अपडेट बंद केलेले निघाले. का, तर अपडेट आलं की मशीन रीस्टार्ट होतं आणि रात्रभर लावलेलं सिनेमाचं टोरंट तुटतं. सहाच्या सहा मशीन हाताने अपडेट केल्या, तेव्हा कुठे रविवारी पहाटे चहा घेतला. सुदैवाने आत काही शिरलं नव्हतं. ज्याने बंद केले होते त्याला मी सोमवारी शेजारी बसवून दाखवलं, एका मशीनमधून दुसऱ्यात हे कसं पळतं ते. आज तोच पोरगा दुसऱ्यांना ओरडतो.

निशिगंध :
रानजाई, हो गं, मुलगी झाली. महिनाभर पेटीत होती, पण धडधाकट. खटपट्या, तुमच्यासारखा कुणी आमच्याकडे असता तर...

चिंचगुळी :
ऑर्कुट आठवतंय का कुणाला?? फेसबुकच्या आधीचं ते. ऑफिसात बंदी, म्हणून सगळ्या ऑफिसने एकाच प्रॉक्सी साइटवरून (बंद साइट आडवाटेने उघडून देणारी) स्क्रॅप म्हणजे निरोप टाकायचे, ती बंद झाली की कॅन्टीनमध्ये दुसरीचा पत्ता कागदावर फिरायचा. आमचं लग्न त्यातूनच जमलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा नवऱ्याने सगळे स्क्रॅप प्रिंट करून ठेवले. घरच्या प्रिंटरवर हं.

सुपारी_पान :
चिंचगुळीताई, त्यातले एकदोन इथे टाका की!

चिंचगुळी :
सासूबाई पण वाचतात इथे.

मोरपंखी छत्री :
न्हावाशेवा बंदरात सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटकडे, डॉक्युमेंटेशन करते. लोकलमध्ये आहे, तुटक लिहितेय. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. जेएनपीटीतल्या, म्हणजे आमच्या याच बंदरातल्या, एका टर्मिनलचं काम ठप्प. ते टर्मिनल ज्या जागतिक समूहाचं, त्याचीच सिस्टीम बसली होती. सुरुवात तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली म्हणे. कुठे युक्रेन आणि कुठे उरण! पण रस्त्यावर ट्रेलरची रांग, ड्रायव्हर आमच्या ऑफिससमोर पाणी मागत होते. तोवर मला वाटायचं कॉम्प्युटरचे नियम म्हणजे फेसबुक बघू नका एवढंच. त्या आठवड्यात आमच्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं, खुर्च्या गोल मांडल्या आणि स्वतः समजावलं. अनोळखी अटॅचमेंट उघडायची नाही, शंका आली तर मला फोन करा, रात्री दोनला केला तरी चालेल, आणि चुकून उघडलीत तर कुणी रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. हे शेवटचं वाक्य फार कामाचं. परवाच आमच्या एकीने खोट्या कुरिअरच्या मेलवर क्लिक केलं आणि दोन मिनिटांत सांगितलं. केबल काढली, निभावलं. नेरुळ आलं, उतरते.

खटपट्या :
छत्रीताई, तुमच्या मालकांना नमस्कार सांगा. लोक घाबरून लपवतात तेच खरं महागात पडतं. दोन मिनिटांत कळलं तर एक मशीन जातं, दोन दिवसांनी कळलं तर मजलाच्या मजला.

ऱ्हाइनकाठ :
जर्मनीत आहे, मूळची सांगलीची. इथे कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावायचं तर बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असते, तिच्याशी आधी ठरवावं लागतं. निशिगंध, तुमच्या दादांचं वाचून एक खटला आठवला. रुमानियातल्या एका इंजिनियरला २००७ मध्येच काढलं होतं. ग्राहकांशी बोलायला कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचं खातं उघडलेलं, त्यावर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशीही बोलला. कंपनीने ते सगळं बोलणं छापून त्याच्यासमोर ठेवलं. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं, बरं का. तरी १० वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१७ ला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. बंदी असली तरी माणसाचं खासगी आयुष्य ऑफिसच्या दारात शून्य होत नाही, आणि नजर कशी आणि किती ठेवणार ते त्याला आधी सांगायला हवं होतं, तिथल्या न्यायालयांनी ते नीट पाहिलं नाही, असं म्हटलं. मी इथे रुजू झाले तेव्हा समितीतल्या बाईंनी हे मला कॉफी पिता पिता समजावलं होतं. जर्मन तोडकंमोडकं होतं माझं, तरी सगळं कळलं.

पायवाट :
आमचं उलटंच. सासूबाई अंगणवाडी सेविका, त्यांच्या वतीने लिहिते. सरकारी मोबाइल मिळाला होता, तो तापायचा, अडकायचा, ॲप इंग्रजीत. २०२१ मध्ये राज्यभर ताईंनी ते मोबाइल परत केले, त्यात सासूबाईही होत्या. मग माहिती भरायची कशावर? तर माझ्या नवऱ्याच्या फोनवर. त्याची मेमरी भरली म्हणून त्याने पोरांचे व्हिडिओ पुसले. ऑफिसचं यंत्र घरच्या कामाला वापरलं तर नोटीस, आणि घरचं यंत्र ऑफिसच्या कामाला वापरलं तर कुणी आभारसुद्धा मानत नाही. यावरही कुणीतरी ११ पानं लिहा.

गावठाण :
पायवाट, एकदम खरं बोललात. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळ्यांची हीच कथा. गटात रात्री साडेनऊला मेसेज, ‘माहिती तात्काळ सादर करावी’.

शेवंती_८१ :
लिहू की नको करत होते. माझे मिस्टर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. कोविड. मुलाचे पहिले दोन वाढदिवस, सासऱ्यांबरोबरची शेवटची पंढरपूरची वारी, सगळे फोटो त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये होते. घरी दुसरा कॉम्प्युटरच नव्हता, मग ठेवणार कुठे. पंधराव्या दिवशी लॅपटॉप परत करा म्हणून मेल आला. पासवर्ड मला माहीत नव्हता. नियमाप्रमाणे लॅपटॉप आला की पुसायचा, त्यातलं काही कुणाला द्यायचं नाही. मी तरी फोन केला. पलीकडे एक मुलगा होता, आवाजावरून पंचविशीचा. म्हणाला, काकू, मी विचारून सांगतो. त्याने वरच्यांची लेखी परवानगी काढली, त्यांच्यासमोर फक्त फोटोंचा फोल्डर वेगळा केला आणि पेनड्राइव्ह स्वतः घरी आणून दिला. ४,३०० फोटो. मुलाच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि जिन्यात जाऊन रडला तो. त्याने नियम मोडला नाही, विचारलं. विचारलं तर होतं कधी कधी.

रानजाई :
शेवंतीताई, काय लिहू. मुलगा बरा आहे ना?

शेवंती_८१ :
हो, सातवीत आहे. ते फोटो आता तीन ठिकाणी ठेवलेत.

ऱ्हाइनकाठ :
डोळे भरून आले हो.

कडीपत्ता :
वाचतोय सगळं. आमच्याकडे सध्या वेगळाच विषय चाललाय, एआय. पतसंस्थेत आहे. एका मुलाने कर्जदाराचं अख्खं पत्र, खाते नंबर, आधार नंबर सगळ्यासकट चॅटजीपीटीत टाकलं, मराठीतून इंग्रजी करायला. त्याच्या मनात पाप नव्हतं, इंग्रजीची भीती होती. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लोकांना कळवलंय, की ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका, सरकारी माहितीची गुप्तता धोक्यात येते. ते पत्रक मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, दादा, मग पत्र इंग्रजीत कोण लिहून देणार? प्रश्न बरोबर होता. आता नावं-नंबर खोडलेले चार नमुने मी करून ठेवलेत, रिकाम्या जागा भरायच्या. दोन रविवार गेले, पण त्यानंतर कुणी बाहेर काही टाकलेलं नाही.

सुपारी_पान :
कडीपत्ता, ते नमुने मिळतील का? आमच्याही संस्थेत लागतात. मेल पत्ता मेसेजमध्ये पाठवतो.

कडीपत्ता :
पाठवा. घरच्या मेलवरून पाठवतो, माझेच आहेत, संस्थेचं काही नाही त्यात.

निशिगंध :
दिवसभर कामात होते, आत्ता सगळं वाचलं. शेवंती, तुमचा अनुभव लेकीला वाचून दाखवला. ती गप्प झाली आणि पत्रक परत उघडून बसली. पान ७ वर लिहिलंय, ‘मर्यादित वैयक्तिक वापरास हरकत नाही.’ मर्यादित म्हणजे किती, ते कुठेच नाही. आणि घरी काम न्यायचं असेल तर कुणाला विचारायचं तेही नाही. उद्या एचआरला मेलने विचारणार म्हणते. नवीन मुलीने आल्या आल्या असं विचारलेलं चालेल का हो खटपट्या?

खटपट्या :
चालेल, चांगलं दिसतं. मेलनेच विचारू दे, तोंडी नको, आणि उत्तर आलं की जपून ठेवायला सांगा. ‘काम घरी न्यायचं असल्यास परवानगी कोणाची’ हा प्रश्न पहिला लिहायला सांगा.

निशिगंध :
पहिला तोच लिहिलाय तिने. दादांचा नंबर भावाकडून मिळालाय मला. रविवारी फोन करते.