मदत हवी आहे: पावसाळा लागला की डायजेस्टरचा काप्पा स्थिर राहत नाही

नमस्कार मंडळी,

इथे कागद, रसायनं आणि साखर कारखान्यांत आयुष्य घालवलेली बरीच मंडळी लिहितात, म्हणून हा धागा काढतेय. मी दक्षिणेतल्या एका कागद गिरणीत पल्प मिलला प्रोसेस इंजिनियर आहे. आमचं लाकूड मुख्यतः सुबाभूळ आणि निलगिरी, अधूनमधून सुरूचं (कॅज्युरिना) झाड. पद्धत क्राफ्ट, डायजेस्टर कंटिन्युअस.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाकडाच्या चिप्स आधी वाफेवर धरतात म्हणजे आतली हवा निघून जाते. मग हाय प्रेशर फीडरमधून त्या उंच, बंद, दाबाखालच्या भांड्यात, म्हणजे डायजेस्टरमध्ये, वरून सोडतात. सोबत व्हाइट लिकर असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांचं पाणी. चिप्सचा अख्खा खांब सावकाश खाली सरकत राहतो. वरच्या भागात लिकर लाकडात मुरतं, मध्ये दीडशे अंशांच्या पुढे शिजवण होते, लिग्निन (लाकडातले तंतू एकमेकांना चिकटवून धरणारा पदार्थ) विरघळतं, मधल्या जाळ्यांमधून काळं लिकर काढून घेतात आणि खालून वर येणारं धुण्याचं लिकर लगदा धूत जातं. तळाला लगदा ब्लो होतो, म्हणजे दाबाने बाहेर पडतो. हे चोवीस तास, न थांबता. काढलेलं काळं लिकर आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात आणि त्यातूनच पुन्हा व्हाइट लिकर बनतं. लगद्यात लिग्निन किती उरलं ते काप्पा नंबर सांगतो. काप्प्याला साधारण ०.१५ ने गुणलं की लिग्निनची टक्केवारी येते.

आता अडचण. आमचं लक्ष्य काप्पा १८. उन्हाळ्यात तो १७ ते १९ मध्ये राहतो. पाऊस सुरू झाला की कधी १५, कधी २३. जास्त आला की ब्लीचिंगला क्लोरीन डायऑक्साइड वाढतो आणि स्क्रीनवर न शिजलेल्या गाठी वाढतात. कमी आला की तंतू मार खातो, लाकूडही वाया जातं.

मला खटकतं ते हे, की लॅबचा आकडा आला की प्रत्येक शिफ्ट लगेच तापमान हलवते. चिप आत पडल्यापासून ब्लो लाइनला यायला आमच्याकडे चारेक तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला काप्पा २२ दिसला तर ते लाकूड सकाळीच आत गेलेलं असतं. पहिली शिफ्ट दोन अंश वाढवते, त्याचा परिणाम दुसऱ्या शिफ्टला दिसतो, ती घाबरून तीन अंश उतरवते. ट्रेंडवर अक्षरशः लाटा दिसतात. व्रूमने १९५७ मध्ये मांडलेल्या एच-फॅक्टरच्या (शिजवणीचं तापमान आणि वेळ एका आकड्यात धरणाऱ्या) सूत्राने हिशोब केला तर १०० अंशांना वेग १ धरल्यावर १५५ ला तो साधारण २६० येतो आणि १५७ ला ३१०. दोन अंशांत जवळपास १९ टक्क्यांचा फरक! हे मी मीटिंगमध्ये दाखवलं. सगळ्यांना पटलं. पण "मग काप्पा वाढला तर हातावर हात धरून बसायचं का?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते मला हवं आहे. मूळ कारण वरच्या बाजूला, चिप्समध्ये आहे असं मला ठामपणे वाटतं, पण ते नेमकं पकडायचं कसं?

माहिती म्हणून: व्हाइट लिकरचं प्रमाण चिप्सच्या बेल्टवरच्या वजनकाट्यावरून ठरतं. ओलाव्याचा आकडा शिफ्टला एकदा हाताने भरतात.

प्रतिसाद १

तुमच्या शेवटच्या दोन ओळींतच अर्धं उत्तर आहे. ताशी १०० टन चिप्स धरा. भरलेला ओलावा ३५ टक्के, म्हणजे सुकं लाकूड ६५ टन. त्यावर १८ टक्के अल्कली (व्हाइट लिकरमधला शिजवणारा भाग) म्हणजे ११.७ टन. आता तासाभराची सर आली, यार्डातली उघडी चिप आत आली आणि खरा ओलावा ४५ झाला. सुकं लाकूड ५५ टनच, अल्कली तेवढीच. प्रमाण २१ टक्क्यांच्या वर गेलं. काप्पा धाडकन खाली येणार. उलट शेडखालची कोरडी चिप आली की अल्कली कमी पडणार आणि काप्पा वर. तापमानाला हात लावायचं काही कारणच नाही.

चिप मीटरच्या (ठरावीक आकारमानाने चिप्स मोजून देणारं फिरतं यंत्र) फेऱ्यांवरून लिकर देत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे आकारमान मोजलं जातं, ओलाव्याने त्यात फार फरक पडत नाही. पण सुबाभूळ-निलगिरीचं मिश्रण बदललं किंवा भुसा वाढला की एका फेरीतलं सुकं लाकूड बदलतं.

प्रतिसाद २

काप्पा एकटा बघू नका. मी निवृत्त झालो तरी नव्या पोरांना हेच सांगतो: मधल्या जाळ्यांतून काढलेल्या (एक्स्ट्रॅक्शन) काळ्या लिकरमधली उरलेली अल्कली शेजारी लिहा.

काप्पा जास्त आणि उरलेली अल्कली कमी असेल तर अल्कलीच कमी पडली. सुकं लाकूड जास्त गेलंय किंवा व्हाइट लिकर पातळ आलंय. कॉस्टिसायझिंगच्या, म्हणजे व्हाइट लिकर बनवणाऱ्या विभागाच्या, माणसाला आधी फोन करा. काप्पा कमी आणि अल्कली जास्त उरली तर चिप्स ओल्या होत्या.

सगळ्यात महत्त्वाची जोडी तिसरी: काप्पाही जास्त, अल्कलीही जास्त. याचा अर्थ लिकर होतं, पण लाकडात शिरलंच नाही. चिप जाड आहे, किंवा प्री-स्टीमिंग कमी पडल्यामुळे आत हवा राहिली, किंवा खांबातून लिकर एकाच वाटेने धावतंय. अशा वेळी अल्कली वाढवून काही होत नाही. क्राफ्टमध्ये लिकर चिपमध्ये सगळ्या बाजूंनी शिरतं, म्हणून सगळ्यात लहान माप म्हणजे जाडी, तीच निर्णायक. लांबीच्या जाळीवर चाळून समाधान मानू नका, जाडीचा क्लासिफायर लावा. ८ मिलिमीटरच्या वरची चिप किती, ते रोज बघा. चिपरची पाती कधी बदलली याची नोंदही त्याच पानावर ठेवा. पाती बोथट झाली की एकीकडे जाड चिप, दुसरीकडे काड्या आणि भुसा. हा भुसा जाळ्यांवर बसतो आणि लिकर निघेनासं होतं.

प्रतिसाद ३

प्री-स्टीमिंगबद्दल. पावसात भिजलेली थंड चिप शंभर अंशांपर्यंत न्यायला बरीच जास्त वाफ लागते. तुमच्याकडे चिप बिनला (चिप्स वाफवायची टाकी) काळ्या लिकरची फ्लॅश वाफ, म्हणजे गरम लिकरचा दाब उतरवल्यावर सुटणारी वाफ, जाते का? जात असेल तर ती बिनच्या वरून बाहेर पडली की गंधकाचा वास पसरतो, म्हणून ऑपरेटर ती कमी करतात. मग चिप अर्धवट गरम जाते. बिनच्या तळाच्या तापमानाचा ट्रेंड काढा.

प्रतिसाद ४

मी शेतकरी आहे, विषयातलं फार कळत नाही, पण सुबाभूळ माझ्याकडेही आहे. व्यापारी साल काढूनच मागतो. मजुरी आमची जाते. खरंच गरज असते का?

धागालेखिका

@प्रतिसाद ४: दादा, गरज असते. सालीत तंतू कमी आणि कॅल्शियम जास्त. ती अल्कली खाते, कागदावर ठिपके देते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर हीटरमध्ये, जाळ्यांवर जमतो. मग तो ॲसिडने धुवावा लागतो. पण ती मजुरी तुमच्या भावात दिसायला हवी, हे माझं स्पष्ट मत आहे.

@प्रतिसाद २: तुमची तिन्ही जोड्यांची युक्ती लॉगशीटवर लावून बघितली. उरलेल्या अल्कलीचं लक्ष्य आठ ग्रॅम प्रति लिटर धरून रंग दिले. पावसाळ्यातले बहुतेक चढउतार पहिल्या दोन जोड्यांत बसतात, म्हणजे ओलाव्याचं काम. मोठ्या सरीनंतर काप्पा खाली, अल्कली वर. पण जास्त गाठींच्या पाळ्या जवळजवळ सगळ्या तिसऱ्या जोडीत पडल्या. म्हणजे दोन वेगळे आजार होते आणि आम्ही दोन्हीवर तापमानाचं एकच औषध देत होतो.

@प्रतिसाद ३: हो, फ्लॅश वाफच जाते. तळाचं तापमान मोठ्या पावसात नव्वदच्या खाली उतरलेलं दिसतं. ताजी वाफ जोडायचा प्रस्ताव देतेय.

प्रतिसाद ५

एक सावधगिरी. हार्डवूडच्या (निलगिरी, सुबाभूळ अशा लाकडांच्या) लगद्यात काप्पा म्हणजे सगळं लिग्निन नसतं. काप्पा मोजायला वापरतात ते परमँगनेट लाकडातून तयार होणारं हेक्झेन्युरॉनिक आम्लही खातं, किलोमागे १० मिलिमोल असेल तर साधारण ०.८५ काप्पा. तो भाग जास्त शिजवून लिग्निनसारखा उतरत नाही. काप्पा थोडा वर दिसला म्हणून शिजवत राहिलात तर लगद्याचा उतारा आणि व्हिस्कॉसिटी (तंतूच्या ताकदीची खूण) दोन्ही जातील.

धागालेखिका

हे फार उपयोगी आहे, कारण आमचं निलगिरीचं प्रमाण पावसाळ्यात वाढतं. लॅबला विचारते.

शिफ्टप्रमुखांशी बोलून ठरवलंय ते असं: ओलावा दर तासाला मोजायचा आणि आकडा लगेच भरायचा, शेडमधली कोरडी आणि उघड्यावरची चिप ठरलेल्या प्रमाणात मिसळूनच द्यायची, तापमानाला हात लावण्याआधी जोडी बघायची आणि एकदा बदल केला की चार तास थांबायचं. शेवटच्या मुद्द्यावर रात्रपाळीचे लोक नाराज आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, काप्पा २५ झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

आता एकच अडलंय. ओव्हनमध्ये ओलावा काढायला वेळ जातो आणि नमुना कुठून घ्यावा यावर एकमत नाही. बेल्टवर वरची चिप भिजलेली असते, खालची कोरडी. पडत्या धारेतून आडवा नमुना घेता येईल अशी जागा फक्त चिप बिनच्या वर आहे, आणि तिथे वाफ असते. मायक्रोवेव्हवर जलद ओलावा काढणारं इथे कोणी आहे का? ओव्हनशी किती जुळतो? आणि वाफेमुळे तिथला नमुना ओला येतो का, की एवढ्या थोड्या वेळात फरक पडत नाही?