बाळंतपणाला डूला घ्यावी का?

रानजाई: पहिलटकरीण आहे, सातवा महिना सरत आलाय. पुण्यात एका डूलाशी बोलणं झालं. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत ती सोबत राहणार: कंबर दाबून देणं, श्वासाकडे लक्ष देणं, कसं बसावं-चालावं ते सुचवणं, धीर देणं. आधी दोन भेटी. फी ३५ हजार. नवरा म्हणतो घे, सासूबाई म्हणतात, "मग आम्ही कशाला आहोत?" मला घ्यावीशी वाटतेय, कारण आई जवळ असली की माझ्याआधी तीच घाबरते. मतं सांगा, विरोधातली आधी.

ठोकळा: मग मीच सुरुवात करतो. डूला आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषध देत नाही. म्हणजे ३५ हजार घेऊन हात धरणार. आपल्याकडे हे मावशी, मामी, थोरली जाऊ फुकट करत आल्यात. त्यात या कामाची सरकारी नोंदणीही नाही. छोटा कोर्स करून कुणीही पाटी लावावी.

निंबोणी: तुमची ती फुकटची मावशी बहुतेक ठिकाणी लेबररूमच्या दाराबाहेर जप करत बसलेली असते, ठोकळा. आत बाई एकटीच. आणि हात धरणं एवढं हलक्यात घेऊ नका. २०१७चा कॉक्रेन आढावा बघा (जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था ती): १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका. कळांमध्ये सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी, कळांचा वेळ थोडा कमी, वेदनाशामकंही कमी लागली. तोटा काही आढळला नाही.

टाकेवाली: मी प्रसूतितज्ज्ञ. आढावा खरा, पण पुरावा फार भक्कम नाही हेही त्यातच लिहिलंय. शिवाय त्यातली 'सोबत' फक्त डूलाची नव्हे. नर्स, नातेवाईक सगळे आले. माझा आक्षेप वेगळा आहे. चांगल्या डूलांबरोबर मी काम केलंय. पण "एपिड्युरल (कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) नको, अजून थांब" असं पेशंटला परस्पर सांगणारीही भेटली. ठोके उतरत असताना वाद घालायला वेळ नसतो. तिने कुठे गप्प बसायचं ते आधीच ठरवून घ्या.

निंबोणी: मान्य. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतल्या ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीतल्या १४. आपल्या बाजूचं कुणी आत असावं असं बायकांना वाटलं तर नवल काय?

टाकेवाली: ते आकडे डूला आणून हलायचे नाहीत. रात्रपाळीला प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करायला शिकलेल्या परिचारिका, हव्यात. केंद्राने २०१८मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण आमच्याकडे अजून एकही नाही.

सोलापूरची आजी: सरकारी दवाखान्यात सोबतीला एका बाईला आत राहू द्या, असं केंद्राने २०१६मध्येच सांगितलंय. सुनेच्या वेळी मी आत होते. पाठ चोळली, घोट घोट पाणी पाजलं. पण जिला बघवत नाही तिने आत जाऊ नये, मग ती सख्खी आई का असेना. रडणारं माणूस बाळंतिणीच्या काय कामाचं?

ठोकळा: म्हणजे आई बाद, सासूबाई आत. वाचले ३५ हजार.

रानजाई: सासूबाईंसमोर मला मोकळेपणी ओरडता तरी येईल का? हे तुम्हाला नाही कळायचं. बरं, हॉस्पिटलला आज फोन केला. आत एकच माणूस चालेल म्हणाले, नवरा किंवा डूला.

टाकेवाली: मग नवऱ्याला घ्या. डूलाच्या फक्त दोन भेटी ठेवा, त्यात कंबर कशी दाबायची, कधी बोलायचं, कधी नाही, हे त्याला शिकवून घ्या. फीसुद्धा कमी होईल.

निंबोणी: त्याआधी त्याला एवढं विचार, साधं रक्त तपासायला दिलं तेव्हा तो सुईकडे बघत होता की भिंतीकडे?